खडूफेरी

मैदाने आणि पायवाटा समितीत एखादी जागा रिकामी झाली, की उरलेल्या मुदतीसाठी त्याच घरातल्या कुणाला तरी बसवायचं, अशी आमच्या गावाची पद्धत आहे. ती कुणी पाडली हे आता कुणालाच सांगता येत नाही. पुन्हा निवड करायचा कंटाळा, हेच खरं कारण असावं.

बाबा वारले आणि त्यांच्या जागी मी गेले. आई जाण्याचा प्रश्नच नव्हता. "त्या समितीपायी ह्यांनी जन्मभर माझ्या हातचं गार करून खाल्लं," ती म्हणाली, "आता मी जाऊन बसू होय तिथे?" मी एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासते. ते काम कुठूनही करता येतं, म्हणून मी आईजवळ राहायला आले होते आणि परत कधी जायचं हा विषय दोघींनीही काढला नव्हता.

समितीची खोली बॅडमिंटन हॉलच्या मागे आहे. एका भिंतीला गुंडाळलेल्या जाळ्या, कोपऱ्यात रबरी चटयांची चळत, आणि पलीकडे खेळ चालू असला की बुटांची चरचर सगळ्या बोलण्याखालून ऐकू येत राहते. बाबांची खुर्ची टेबलाच्या उजव्या टोकाला होती. त्यांचा उजवा कान गेलेला होता. त्या टोकाला बसलं की सगळं जग डाव्या कानाला येतं, असं ते म्हणायचे. मी तिथे बसले तेव्हा लक्षात आलं, की त्या जागेवरून प्रत्येकाचा चेहराही नीट दिसतो. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाला ते सोयीचं पडत असणार.

माणसं थोडीच. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या अध्यक्षबाई. पोहण्याच्या तलावाचा व्यवस्थापक, ज्याला सगळे 'शिट्टी' म्हणतात आणि जो शिट्टी गळ्यात नसतानाही तलावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलतो. बाजारातल्या रंगाच्या दुकानाचे मालक, आमचे रंगवाले काका. एक दंतवैद्यही आहेत, पण ते फक्त हजेरीपटावर असतात.

पहिल्या बैठकीत आधी घसरगुंडीचा विषय निघाला. नवी घसरगुंडी पत्र्याची आली होती आणि दुपारी तिच्यावर पोरांच्या मांड्या भाजत होत्या.

"झाड लावू या शेजारी," बाई म्हणाल्या.

"झाड मोठं होईस्तोवर ती पोरं आजोबा होतील, बाई," शिट्टी म्हणाला. "तोंड फिरवा तिचं. उन्हाकडे पाठ."

"उन्हाला पाठ दाखवून कुठे थांबतंय ऊन?" काका म्हणाले. "वर ताडपत्री टाका."

ताडपत्री ठरली. मग तलावावर म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळी वेळ ठेवायची का, यावर बराच वेळ गेला, कारण म्हातारं कुणाला म्हणायचं हे ठरेना आणि खोलीतल्या कुणालाच ती व्याख्या स्वतःला लागू होऊ द्यायची नव्हती. तो विषय पुढे ढकलला गेला. बाबा घरी येऊन हे सगळं सांगायचे तेव्हा मला वाटायचं, ते रंगवून सांगतात. ते उलट पुष्कळ काटछाट करून सांगत होते.

"आता शेवटचा विषय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. तो बाबांनीच बनवलेला होता. "टाकीच्या टेकडीवरच्या पायवाटेला, वर कठड्यापाशी, एक बाक. बाकाच्या पाठीवर यांच्या वडिलांचं नाव."

पलीकडे कुणीतरी शटलचं फूल जोरात मारलं आणि कुणीतरी "आऊट!" म्हणून ओरडलं.

"एकमताने," शिट्टी म्हणाला. "ह्यात विचारायचं काय?"

विचारायचं होतं, आणि ते खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. बाकावर कुणाचंही नाव घालायचं नाही, हा नियम बाबांचाच होता. तो मोडायचा तर हजर असलेल्या सगळ्यांचं मत एक हवं, हेही कलम त्यांनीच घालून घेतलं होतं. बाक कुठे ठेवायचा त्याचीही त्यांची रीत होती. समितीने पायवाट चालायची. आधी काही ठरवायचं नाही, कुणी कुणाला खुणावायचं नाही. जो जिथे दम खायला थांबेल तिथे सगळ्यात मागून येणाऱ्याने खडूने फुली मारायची. जिथे फुल्या जमतील तिथे बाक. याला समितीत 'खडूफेरी' म्हणतात. दृश्य चांगलं आहे म्हणून बाक मागणाऱ्यांना बाबा सांगायचे, "दृश्य बघायला डोळे लागतात. त्यासाठी दुकानात या. बाक गुडघ्यांसाठी असतो."

"माझी काही हरकत नाही," रंगवाले काका म्हणाले. ते पेनाचं टोपण काढत होते आणि लावत होते.

नियम झाला तो काकांमुळेच. काकू गेल्या त्या वर्षी काकांनी तळ्याकाठच्या वाटेवर त्यांच्या नावाचा बाक मागितला होता. काकू रोज सकाळी तिथे फिरायच्या. बाबा तेव्हा समितीत सगळ्यात जुने होते. ते काकांना म्हणाले, "बाक दमलेल्यासाठी आहे. गेलेलं माणूस बसायला येत नाही." हे वाक्य त्यांनी काकांच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर म्हटलं. आईला ते दुसऱ्या कुणाकडून तरी कळलं. त्या रात्री आमच्या घरात जे भांडण झालं त्याचे शब्द मला आठवत नाहीत; बाबा आपला डावा कान तळहाताने झाकून बसले होते, एवढं आठवतं.

काका वर्षभर बाबांशी बोलले नाहीत. मग ते स्वतःच समितीत आले. हा माणूस नियम बदलायला आलाय, असं सगळ्यांनी धरलं होतं. त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही.

"तर येत्या रविवारी खडूफेरी," बाई म्हणाल्या, "आणि पुढच्या बैठकीत मत. जागेचं रीतसर झालं पाहिजे. तेवढं तरी त्यांच्या पद्धतीने."

माझ्याकडे पाहून त्या हसल्या. मी मान हलवली. कशासाठी हलवली ते त्यांना वाटेल तसं समजायला मोकळीक होती.

घरी आई मटार सोलत होती.

"झालं?" तिने विचारलं.

"तू मागितलास का बाक?"

"मी कशाला मागू? तुमच्या बाई भाजीच्या दुकानात भेटल्या. म्हणाल्या, काहीतरी करायला हवं. मी म्हटलं, मग करा. आता ह्याला मागणं म्हणत असशील तर म्हण."

"कठड्यापाशी असं कुणी सांगितलं?"

"ते मी सांगितलं." तिने एक शेंग दाबून फोडली. "तिथून दुकानाचं छप्पर दिसतं."

"आई, बाबांचा नियम आहे."

"मला सांगतेस? मी तेव्हाच म्हटलं होतं की नियम चुकीचा आहे. ह्यांच्या तोंडावर म्हटलं होतं. मी काही आज पलटी मारलेली नाही. नाव लिहिलं म्हणून बाकाचा पाय मोडत नाही."

"तेव्हा काकांना नाही म्हटलं गेलं."

"ते वाईटच झालं. एकाचं वाईट झालं म्हणून सगळ्यांचं वाईट करायचं, हा कुठला न्याय?"

मी खाली बसले आणि मटार सोलायला लागले. थोड्या वेळाने ती माझ्याकडे न पाहता बोलली.

"दुकान घेतलंय त्या मुलाने पाटी उतरवायला माणूस सांगितलाय. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं आहे, तो चष्म्याची पाटी कशाला ठेवेल? बरोबर आहे त्याचं. पण मग ह्या गावात ह्यांचं नाव वाचायला मी कुठे जाऊ? लाइटच्या बिलावर?"

"बिलावर आहे अजून?"

"आहे. मी बदलायला दिलेलं नाही." ती म्हणाली. "शेंगा टाक त्या डब्यात. खाली सांडतेयस."

रविवारी सकाळी टाकीच्या फाटकाशी सगळे जमले. दंतवैद्यांनी निरोप पाठवला होता. आई माझ्याबरोबर आली. खडूफेरीला कुणीही येऊ शकतं, हासुद्धा नियमच. तिने बाबांचा लोकरी मफलर गळ्याभोवती घेतला होता आणि पायांत फिरायचे बूट घालायचे सोडून साध्या चपला घातल्या होत्या.

"गुडघे?" मी विचारलं.

"आहेत जागेवर."

खडू काकांकडे होता, म्हणून ते सगळ्यात मागे. शिट्टी सगळ्यात पुढे. फाटकापासून आधी दगडी पायऱ्या आहेत, मग पंपघराशी वाट वळते, वळणानंतरचा चढ सगळ्यात उभा, आणि तो संपला की वर कठड्यापर्यंत सपाट मैदानासारखी जमीन. बाबा आणि आई दर रविवारी इथे यायचे. मी लहानपणी यायचे, पुढे यायचं सोडलं.

वळणावर आई थांबली. तिने पंपघराच्या भिंतीला तळहात टेकवला. तिची पाठ वरखाली होत होती.

"चपलेत खडा गेलाय," ती म्हणाली.

ती खडा काढत नव्हती. बाईंनी मागे वळून पाहिलं, पटकन पुढे पाहिलं आणि चालत राहिल्या. शिट्टी तर वळलाच नाही. काका येऊन आमच्यापाशी उभे राहिले. त्यांनी खडू काढून फुली मारायला हवी होती. त्यांचा हात खिशात तसाच राहिला.

आईचा श्वास बसला. "चला," म्हणाली आणि एकटीच पुढे निघाली, पायऱ्या चढाव्यात तशी एक पाय, मग दुसरा त्याच्याशेजारी.

मी काकांबरोबर मागे राहिले.

"फुली नाही मारलीत," मी म्हटलं.

"नाही मारली."

"का?"

ते थोडं चालले. "वर बघशील तू. सगळे कठड्यापाशी दमणार आहेत. बाईंनी फोन करून सांगितलंय प्रत्येकाला. मलाही."

"खडूफेरीत असं चालतं?"

"आजवर कुणी केलं नाही." ते हसले. "तुझ्या वडिलांसमोर खोटं दमायची कुणाची छाती होती? चेहऱ्याकडे बघून चष्म्याचा नंबर सांगणारा माणूस."

मी विचारलं, विचारायचं नव्हतं तरी. "काका, तुम्ही काकूंच्या बाकाचा विषय पुन्हा का नाही काढलात?"

"काढणार होतो की. त्याचसाठी आलो होतो समितीत." ते बोलता बोलता थांबले, श्वास घेतला, आणि स्वतःच्याच पायांपाशी पाहून म्हणाले, "हे बघ, इथे खरी फुली पाहिजे माझी." पण फुली मारली नाही. "पहिल्याच बैठकीला एकजण आला. वडिलांसाठी बाक पाहिजे. मग कुणी भावासाठी. एक बाई आल्या होत्या त्यांच्या कुत्र्यासाठी, रडत होत्या बिचाऱ्या. तुझे वडील दर वेळी माझ्याकडे बघायचे. तोंडाने काही नाही. नुसते बघायचे. आणि मी म्हणायचो, नाही, नियम आहे. एवढ्या लोकांना माझ्या तोंडाने नाही म्हटल्यावर मी काय मागू?"

"मग आता हो कसं म्हणता?"

"तुझ्या आईला नाही कोण म्हणणार?" त्यांनी वर पाहिलं. आई चढ जवळजवळ संपवत होती. "तुझी काकू गेली त्या वर्षी तुझ्या आईने मला रोज डबा पाठवला. घरात ह्यावरून भांडण चालू होतं ना तुमच्या, तरी रोज. मी तुझ्या वडिलांशी बोलत नव्हतो आणि त्यांच्याच घरचं जेवत होतो. तुझे वडीलच आणून द्यायचे डबा. पायरीवर ठेवायचे आणि जायचे." ते पुन्हा चालायला लागले. "मी हो म्हणणार. बाई हो म्हणणार, त्यांना तुझ्या आईच्या डोळ्यांकडे बघवत नाही. शिट्टी कशालाही हो म्हणतो. तू काय ते बघ."

ते सहज म्हणाले होते. मला मात्र उरलेला चढ त्या वाक्यासकट चढावा लागला.

वर कठड्यापाशी जे चाललं होतं ते बाबांनी पाहायला हवं होतं, असं मला त्या दिवसांत पहिल्यांदाच हसत वाटलं. रोज सकाळी तलाव आरपार करणारा शिट्टी गुडघ्यांवर हात टेकून वाकला होता. "बाप रे! जीव गेला! काय चढ आहे का काय!" बाई एका दगडावर बसून पदराने वारा घेत होत्या आणि मधूनच श्वास घ्यायचं विसरून पुन्हा जोरात घेत होत्या. ही सगळी सपाट जमीन. चढ केव्हाच मागे पडलेला.

आई कठड्याला टेकून त्यांच्याकडे बघत होती. खाली वळणावर थांबल्यामुळे तिचा श्वास अगदी संथ होता.

"तुम्हाला काय झालं एवढं?" तिने विचारलं. "पाणी देऊ?"

"नको, नको," शिट्टी धापा टाकत म्हणाला. "बरं वाटेल आत्ता."

काकांनी खडू काढला आणि शिट्टीच्या पायाशी फुली मारली, बाईंच्या दगडाशी मारली. मग माझ्याकडे पाहिलं. मी कठड्यावर हात ठेवून उभी होते, श्वास चालू होता, पण तो चढाचा नव्हता. मी मान हलवून नाही म्हटलं.

खाली गावाची छपरं दिसत होती. दुकानाचं ओळखायला मला वेळ लागला. आई तिकडे बघत होती ती शेवटपर्यंत तिकडेच. उतरताना काका पुन्हा सगळ्यात मागे राहिले आणि फाटकाशी आमच्यानंतर बऱ्याच वेळाने पोचले.

बैठक त्याच आठवड्यात होती. मधल्या दिवसांत मी एका जाड शब्दकोशाची मुद्रितं तपासत होते. मुद्रितं तपासताना एक सवय लागते: शब्द आपल्याला आवडतो का, हा प्रश्नच येत नाही, आधीच्या पानावर जसा लिहिला तसाच या पानावर आहे का, एवढंच बघायचं. मला ती सवय त्या दिवसांत नकोशी झाली होती. हो म्हटलं तर काय बिघडतं, हे मी स्वतःला अनेक प्रकारे विचारून पाहिलं. कुणाचंच काही बिघडत नव्हतं. आईला एक जागा मिळत होती. बाबांना कळणार नव्हतं. ज्या लोकांना नाही म्हटलं गेलं होतं ते टेकडीवर आले असते, नाव वाचलं असतं आणि घरी गेले असते. काही बोलले नसते. काकांसारखेच, हरकत नाही म्हणाले असते. मला तेच सहन होईना.

आईही बैठकीला आली. भिंतीशी, जाळ्यांच्या खाली, लोकांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली.

"फुल्या कठड्यापाशी जमल्या आहेत," बाईंनी सांगितलं. "जागेचा प्रश्न मिटला. आता नावाचं. कुणाला काही बोलायचंय?"

"हो," शिट्टी म्हणाला. "म्हणजे, माझं मत हो."

"हो," काका म्हणाले.

"माझंही," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"त्या फुल्या खऱ्या नाहीत. तिथे कुणीच दमलं नव्हतं."

"मी दमलो होतो," शिट्टी म्हणाला.

"तुम्ही रोज पोहता."

"पोहणं वेगळं, चढणं वेगळं," तो म्हणाला, पण त्याने आवाज नेहमीपेक्षा बराच खाली आणला होता.

"खरी थांबली ती फक्त आई. वळणावर, पंपघराशी."

"चपलेत खडा होता," आई भिंतीशेजारून म्हणाली.

कुणी हसलं नाही. मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं. "आणि नावाला माझं मत 'नाही' आहे."

पलीकडे खेळ थांबला होता. बुटांची चरचरही नव्हती. बाईंनी शाळेत पोरांना द्यायच्या तशी मला एक संधी दिली. "बाळ, नीट विचार कर. हा विषय पुन्हा यायचा नाही. तुझे वडील आहेत ते."

"म्हणूनच, बाई. एवढ्या लोकांना या खोलीतून नाही म्हटलं गेलं. त्यातले काही या खोलीतच आहेत. बाबांना 'हो' म्हटलं, तर त्या सगळ्यांना म्हटलेलं 'नाही' खोटं होतं. त्यांनी ते चुकीचं म्हटलं असेल. खोटं नव्हतं."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आई उठली होती. तिने पर्स काखेत घेतली, बाईंना नमस्कार केला, शिट्टीला केला, काकांना केला. माझ्यासमोरून जाताना जाळीचा एक कोपरा खाली लोंबत होता तो उचलून नीट खुंटीला अडकवला आणि दार हळू ओढून घेऊन गेली.

"झालं," बाई म्हणाल्या. "एकमत नाही. विषय संपला."

"दुसरा आहे," मी म्हटलं. "वळणावर बाक हवा. नाव नको. फुली नाही तिथे, पण—"

"अनुमोदन," काका म्हणाले.

"अहो, फुलीशिवाय कसं?" शिट्टी म्हणाला. "आत्ताच तर ही म्हणतेय की—"

"फुली आहे," काकांनी सांगितलं. "उतरताना मारली. एक हिच्या आईची भिंतीपाशी, एक त्याच्या थोडी वर. ती माझी." त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि खिशात टाकलं. "पाऊस आला नसेल तर जाऊन बघा."

आईने अबोला धरला असता तर सोपं गेलं असतं. ती माझ्याशी पाहुण्यासारखी बोलायला लागली. "आपल्याला अजून पोळी देऊ?" "आपण आंघोळ कधी करणार, म्हणजे मी त्याप्रमाणे पाणी तापवते." आंघोळीला निघाले की कोरा, घडी घातलेला टॉवेल हातात द्यायची.

"आई, पुरे ना."

"का? काही कमी पडतंय का आपल्याला?"

एकदाच ती घसरली. मी बरणीचं झाकण उघडायला झटत होते आणि तिने दिलेलं फडकं नको म्हणत होते. "दे इकडे," ती म्हणाली. "बापावर गेली आहेस अगदी. हात सोलून निघाला तरी चालेल." मग तिला आठवलं आणि ती म्हणाली, "घ्यावं आपण, उघडलंय."

दुकानाची पाटी उतरली. आईने ती त्या मुलाकडून मागून आणली. पाटी मोठी लांब होती. ती बोळात भिंतीला लावून ठेवावी लागली, अक्षरं भिंतीकडे, कारण दुसऱ्या बाजूला खिळे होते आणि भिंत खरचटत होती, असं तरी आईने सांगितलं. न्हाणीघरात जाताना अंग चोरून जावं लागे. आम्ही दोघीही ते करत होतो.

वळणावर बाक बसला. साधा, लाकडी फळ्यांचा, गावात सगळीकडे असतो तसा. आईने रविवारचं फिरणं सोडलं नव्हतं. मी तिच्यामागून जायचे. ती नको म्हणायची नाही आणि ये म्हणायची नाही. बाकापाशी आली की ती पाठ ताठ करायची आणि श्वास रोखून पुढे चढायची. चढाच्या मध्यावर गेल्यावर मग थांबायची, उभ्या उतारावर, धरायला काहीही नसताना. मी खाली बाकापाशी उभी राहून बघायचे. मीही बसत नव्हते. तो बाक बांधून घेण्यात माझा हात होता आणि त्यावर बसायची मला सोय राहिली नव्हती.

इतर लोक बसायचे. एकदा काका बसलेले दिसले, शेजारी एक अनोळखी बाई आपल्या सुनेबद्दल काहीतरी रागारागाने सांगत होती आणि काका मान डोलवत होते. आई त्यांना "बरं आहे ना?" म्हणाली आणि न थांबता पुढे गेली. काका माझ्याकडे पाहून हसले आणि त्यांनी खांदे उडवले.

मग एका सकाळी थंडी होती. वळणाशी येईपर्यंत आईचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला होता. तिने पाठ ताठ केली. एक पाऊल पुढे टाकलं. दुसरं टाकलं नाही. पंपघराच्या भिंतीला हात टेकवायला ती वळली तर भिंत आणि ती यांच्यामध्ये बाक आला.

ती बसली. अगदी डाव्या टोकाला बसली, मफलर सारखा केला, पर्स मांडीवर घेतली. उजवीकडची सगळी फळी मोकळी राहिली.

मी उभीच राहिले. तिचा श्वास हळूहळू खाली आला. समोर पंपघर. बाकी काहीही दिसत नाही तिथून. एक लोखंडी दार, त्यावर रंगाचे पोपडे आलेले, आणि आत पंपाची घरघर.

"बस की," आई म्हणाली. "उभी काय राहिलीस?"

"तिथे?" मी तिच्या उजवीकडे पाहिलं.

"मग कुठे, माझ्या डोक्यावर? समितीचा बाक आहे. कुणाचं नाव लिहिलंय का त्याच्यावर?"

मी बसले. फळी थंड होती. आई समोर बघत होती.

"ह्यांना ना, जागा कधी निवडता आली नाही," ती म्हणाली. "लग्नानंतर पहिल्यांदा सिनेमाला नेलं तेव्हा खांबामागची तिकिटं आणली होती." थोडा वेळ ती पंपाचा आवाज ऐकत राहिली. "ते दार किती घाण झालंय बघ. रंगवाल्यांना सांग त्या. समितीत नुसते बसून असतात."

"सांगते."

"आणि घरी गेल्यावर ती पाटी धर एका बाजूने. एकटीने उलटत नाही मला ती."

"आता जाऊ या?"

"थांब," आई म्हणाली. "आधी वर जाऊन येऊ."